तालुक्याच्या बाजारातली साऊंड केबल: कोणती घ्यावी, किती लांब टाकावी

भागवत सप्ताह असो, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असो, शंकरपट असो की दिवाळीनंतरचं झाडीपट्टीचं नाटक, विदर्भातल्या गावाला साऊंडशिवाय भागत नाही. मशीन (अँप्लिफायर) आणि बॉक्स (स्पीकर) घेताना मंडळातले लोक दहा ठिकाणी चौकशी करतात. केबल मात्र दुकानातून निघता निघता घेतली जाते: ‘शंभर मीटर द्या, स्वस्तातली.’ पुढे लांबच्या बॉक्सचा आवाज बसतो, माईकमधून गुणगुण येते आणि दोष मशीनवर येतो.

म्हणून हे परीक्षण केबलींचंच. तालुक्याच्या इलेक्ट्रिक आणि साऊंडच्या दुकानांत साधारण हाच माल असतो: पारदर्शक वेष्टनाची जोडवायर, घरगुती वायरिंगची दोन कोरची फ्लेक्सिबल केबल, मीटरवर मिळणारी माईक केबल, पिना बसवून आलेली तयार केबल, आणि काचेच्या कपाटातली सोनेरी पिनांची महागडी केबल. निकाल आधीच सांगतो. स्पीकरच्या वायरीत फक्त जाडी आणि खरं तांबं पाहा. माईकच्या केबलीत जाळी (कोरांभोवतीचं तारांचं वेष्टन) आणि जोड पाहा. वेष्टनावरच्या बाकी मजकुराचा आवाजाशी जवळपास काही संबंध नसतो.

दोन्हींची पारख वेगळी असण्याचं कारण साधं आहे. गावोगावी दिसणारा शुअरचा एसएम-५८ माईक नेहमीच्या मोजमापाच्या आवाजाला (९४ डेसिबल) जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट देतो. १०० वॅट घेणाऱ्या ८ ओमच्या बॉक्सला मात्र २८ व्होल्ट लागतात, म्हणजे पंधरा हजारपटीहून जास्त. माईकच्या केबलीत करंट नगण्य असतो, तिथे भीती बाहेरून शिरणाऱ्या खरखरीची. स्पीकरच्या वायरीत साडेतीन अँपिअर वाहतात, तिथे खरखर शिरली तरी ऐकूच येत नाही, पण वायरीचा रोध (रेझिस्टन्स) ताकद खाऊन टाकतो. एकीच्या जागी दुसरी वापरली की दोन्हीकडे नुकसान. माईकच्या केबलीतला कोर साधारण ०.२२ चौरस मिलिमीटरचा असतो. ती बॉक्सला जोडली तर १० मीटरलाच दीड ओमच्या वर रोध येतो. आणि स्पीकरची साधी जोडवायर माईकला लावली की मांडवातली ट्यूबलाईट, जनरेटर, चार्जर सगळं मशीनमधून ऐकू येतं.

स्पीकरची वायर

आधी रोधाचे आकडे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फ्लेक्सिबल तांब्याच्या वायरीचा प्रमाणित रोध, २० अंश तापमानाला, दर किलोमीटरमागे असा (स्क्वेअर म्हणजे चौरस मिलिमीटर): पाऊण स्क्वेअरला २६ ओम, एक स्क्वेअरला १९.५, दीड स्क्वेअरला १३.३, अडीच स्क्वेअरला ७.९८ आणि चार स्क्वेअरला ४.९५. हिशेब करताना जाणं-येणं दोन्ही धरायचं. बॉक्स ३० मीटरवर असेल तर करंट ६० मीटर तांब्यातून फिरतो. हा दुपटीचा भाग विसरल्यामुळेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

३० मीटरसाठी दीड स्क्वेअर घेतली तर रोध ०.८ ओम. समोर ८ ओमचा एक बॉक्स असेल तर ताकदीतला सुमारे १७ टक्के हिस्सा वायरीमुळे कमी होतो, म्हणजे पाऊण डेसिबलच्या थोडं वर. कानाला हे जेमतेम कळतं. पण त्याच वायरीवर दोन बॉक्स समांतर जोडले, म्हणजे भार ४ ओम झाला, की घट ३० टक्क्यांवर जाते, दीड डेसिबलच्या वर. पाऊण स्क्वेअरच्या बारीक वायरीवर तर निम्मी ताकद वाटेतच संपते. मग ऑपरेटर आवाज वाढवतो, मशीन क्षमतेबाहेर जाऊन (क्लिप होऊन) आवाज फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजाने ट्वीटर जळतो. बिल ट्वीटरचं येतं, दोष मात्र त्या बारीक वायरीचा असतो.

घट फक्त ताकदीतच होत नाही. ८ ओमचा बॉक्स प्रत्येक सुराला ८ ओम नसतो. काही सुरांना तो ६ ओम असतो, तर खालच्या ठरावीक सुराला ३०-४० ओमवर जातो. त्यामुळे वायरीचा रोध जास्त असेल तर काही सूर जास्त दबतात, काही कमी. ढोलकीचा घुमा सैल होतो, मृदंगाची थाप गुबगुबीत होते. इक्वलायझर फिरवून हे पूर्ण सुधारत नाही.

व्यवहारासाठी एकच मर्यादा लक्षात ठेवा: वायरीचा एकूण रोध भाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. त्या हिशेबाने ८ ओमसाठी दीड स्क्वेअर ३० मीटरपर्यंत चालते, अडीच स्क्वेअर ५० मीटरपर्यंत, चार स्क्वेअर ८० मीटरपर्यंत. भार ४ ओम असेल तर ही अंतरं निम्मी करा. मांडवातलं नेहमीचं काम अडीच स्क्वेअरमध्ये भागतं. पैसे मोजायचे असतील तर इथेच मोजा.

आता दुकानातला माल. सर्वात जास्त खपते ती पारदर्शक जोडवायर, आणि तीच आम्ही सर्वात खाली ठेवू. तिच्यात बहुधा तांबं नसतं, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. त्याचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट. म्हणजे दीड स्क्वेअर म्हणून घेतलेली वायर काम करते एक स्क्वेअरचं. शिवाय जाड प्लास्टिकमुळे वायर आतून आहे त्यापेक्षा भरीव दिसते. जुन्या पद्धतीने ‘२३/७६’, ‘४०/७६’ असं सांगून विकत असतील तर पहिला आकडा तारांचा आणि दुसरा प्रत्येक तारेच्या जाडीचा, इंचाच्या दहाहजाराव्या भागात. त्यानुसार २३/७६ म्हणजे पाऊण स्क्वेअरच्याही आत आणि ४०/७६ म्हणजे साधारण १.१७ स्क्वेअर. ‘जाड वायर’ म्हणून ४०/७६ देतात, पण ती दीड स्क्वेअरसुद्धा भरत नाही.

तांबं ओळखायला दुकानातच दोन मिनिटं लागतात. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं निघालं तर ॲल्युमिनियम. बाहेरून पांढरी पण खरवडल्यावर लाल निघाली तर ते कथिल चढवलेलं तांबं, ते चांगलं असतं. दुसरी परीक्षा वजनाची. दीड स्क्वेअर दोन कोरच्या ९० मीटरच्या बंडलात नुसतं तांबंच सुमारे २ किलो ४०० ग्रॅम असायला हवं, वर प्लास्टिकचं वजन वेगळं. मुलाम्याच्या वायरीत धातू किलोभराच्या आसपासच भरतो. तिसरी आणि सर्वात खात्रीची परीक्षा मल्टिमीटरची: बंडलाचं एक टोक एकमेकांना जोडा, दुसऱ्या टोकाला रोध मोजा, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध (दोन्ही टोकं एकमेकांना लावून दिसतो तो) त्यातून वजा करा. दीड स्क्वेअर तांब्याच्या ९० मीटरला २.४ ओम यायला हवेत. साडेतीन-पावणेचार ओम दिसले की बंडल परत करा.

मुलाम्याच्या वायरीचा आणखी एक त्रास जोडावर दिसतो. सोल्डर करताना वरचं पातळ तांबं वितळलेल्या कथिलात विरघळतं, खाली ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि त्याला कथिल नीट धरत नाही. जोड वरून चांगला दिसतो, पण दोन-चार कार्यक्रमांत तुटतो. स्क्रूखाली दाबली तर तार चपटी होऊन जोड ढिला पडतो.

आमची पसंती सरळ आहे: घरच्या वायरिंगसाठी विकली जाणारी, आयएस ६९४ आणि आयएसआय चिन्ह छापलेली, गोल आवरणाची दोन कोरची फ्लेक्सिबल तांब्याची केबल. ती ‘साऊंडची’ म्हणून विकली जात नाही म्हणून मंडळं घेत नाहीत. पण तिची जाडी तपासलेली असते, दोन कोर एका आवरणात असतात, आणि मांडवात पायाखाली तीच टिकते. कोर वेगवेगळ्या रंगांचे असल्यामुळे प्लस-मायनसची गल्लतही होत नाही. ही गल्लत किरकोळ नाही. दोन बॉक्सपैकी एकाची वायर उलटी लागली तर दोघांचा बेस एकमेकांना खाऊन टाकतो आणि मांडवाच्या मधोमध आवाज पोकळ होतो. शंका आली तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर वायरीला लावा. सेलचं प्लस बॉक्सच्या प्लसला असेल तर वूफरचा कागद बाहेर येतो. ही चाचणी फक्त वूफरवर करायची, हॉर्नच्या युनिटवर नाही.

उन्हाचाही थोडा हिशेब आहे. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात पडलेली काळी केबल त्याहून तापते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ४५ अंशांना १० टक्के. आवाजात तो फरक ऐकू येणार नाही, पण गुंडाळी न सोडता तशीच उन्हात ठेवलेली आणि वर करंट वाहणारी केबल आतून मऊ होते, एकमेकीला चिकटते. कार्यक्रमात केबल नेहमी पूर्ण सोडूनच वापरा.

जोडाला जुना पी-३८ जॅक (पाव इंची गोल पिन) असेल तर तो बदलाच. घालताना-काढताना त्याची टोकं क्षणभर शॉर्ट होतात आणि मशीन चालू असेल तर आउटपुट जाऊ शकतो. स्पीकॉन पिनीत हे होत नाही. ती पाव फेरा फिरवून अडकते, कोणी पाय अडकवला तरी सुटत नाही. त्यात १+ आणि १− एवढेच दोन पॉइंट वापरायचे. वायरीच्या टोकाला कथिल चढवून स्क्रूखाली दाबू नका. कथिल मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू आपोआप ढिला होतो. त्याऐवजी छोटी दाबायची नळी, म्हणजे फेरूल, बसवा किंवा नुसतं पिळलेलं तांबं दाबा.

भोंग्याची लाईन

ग्रामपंचायतीच्या दवंडीसाठी, काकड आरतीसाठी, यात्रेसाठी भोंगे दोनशे-तीनशे मीटरवर लावायचे असतात. इथे बहुतेक ठिकाणी चूक होते आणि ती केबलीच्या दर्जाची नसते, जोडणीच्या पद्धतीची असते. अहुजाच्या किंवा तशा इतर मशीनच्या मागे ४, ८, १६ ओम असे पॉइंट असतात, आणि त्यांच्यापुढे ७० व १०० व्होल्ट लाईनचे. लांबच्या भोंग्यांना ओमच्या पॉइंटवर जोडलं तर काय होतं ते पाहा. ३०० मीटर दीड स्क्वेअरचा जाणं-येणं मिळून रोध जवळपास ८ ओम. टोकाला ८ ओमचा भार असेल तर वायर आणि भोंगा सारखेच झाले, आणि भोंग्यापर्यंत चौथा हिस्साच ताकद पोचते. तेच १०० वॅट १०० व्होल्ट लाईनवर नेले तर भार १०० ओमचा होतो, करंट १ अँपिअर, आणि त्याच वायरीवर ८५ टक्के ताकद टोकाला मिळते. वायर तीच, अंतर तेच, फरक फक्त पॉइंटचा.

अट एकच: प्रत्येक भोंग्याच्या युनिटला लाईन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर हवा. तो बहुतेक युनिटांत आतच असतो किंवा वेगळा मिळतो. त्यावरचे वॅटचे टॅप बेरीज करून पाहा. ही बेरीज मशीनच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा. १०० वॅटच्या मशीनवर १० वॅटचे आठ भोंगे म्हणजे बेताचं. याच लाईनवर ट्रान्सफॉर्मर नसलेला ८ ओमचा भोंगा किंवा बॉक्स चुकून जोडला, तर तो जळतो किंवा मशीन बसतं. आणि आवाज पूर्ण असताना या लाईनवर खरोखरच १०० व्होल्टपर्यंत दाब असतो, ओल्या हाताला झटका बसतो. जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळून पावसात सोडू नका, बंद डबी वापरा.

या कामाला दीड स्क्वेअर पुरते, एक स्क्वेअरही चालते. इथे महागडी वायर घेणं म्हणजे पैसा वाया. लांबच्या आणि जवळच्या भोंग्याचा आवाज मागेपुढे येऊन शब्द घुमतात, त्याचंही खापर वायरीवर फोडलं जातं. वायरीतून आवाज ३०० मीटरला सेकंदाच्या दहालाखाव्या हिश्श्याच्या पातळीवर पोचतो. हवेतून मात्र उन्हाळ्यात तो सेकंदाला सुमारे ३५० मीटरच जातो, म्हणून ३५ मीटर अंतराला दहावा हिस्सा सेकंद लागतो. घुमणं थांबवायचं असेल तर भोंगे एका खांबावरून चारी दिशांना लावा, समोरासमोर नाही.

माईकची केबल

इथे लांबीची भीती सर्वात जास्त आणि सर्वात निराधार आहे. तीन पिनांच्या कॅनन (एक्सएलआर) जोडाची, दोन कोर आणि जाळीची केबल बॅलन्स्ड असते. दोन कोरांत आवाज उलटसुलट जातो, खरखर दोघांत सारखी शिरते, आणि मिक्सर दोघांतला फरक तेवढा घेतो. सारखी असलेली खरखर तिथेच संपते. केबलीच्या कपॅसिटन्सचा हिशेबही पाहा: मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर १०० मीटरला १० नॅनोफॅरड. ३०० ओमच्या डायनॅमिक माईकला त्याचा परिणाम ५३ किलोहर्ट्झच्या वर जाणवू लागतो. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला थांबतो. म्हणजे शंभर मीटर केबल टाकली तरी आवाजात फरक नाही.

हाच हिशेब जुन्या ५० किलोओमच्या माईकला लावा: १० मीटरलाच ३ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं दबायला लागतं. कीर्तनकाराचे ‘स’ आणि ‘श’ मंद होतात, टाळांची धार जाते. असा माईक असेल तर केबल बदलून उपयोग नाही, माईक बदला.

अडचण येते ती मशीनपाशी. गावात चालणाऱ्या बऱ्याच मशीनचे माईक इनपुट पी-३८ मोनो जॅकचे असतात. एका टोकाला कॅनन आणि दुसऱ्या टोकाला मोनो जॅक असलेली तयार केबल लावली की एक कोर जाळीला जोडला जातो आणि बॅलन्स्डचा सगळा फायदा जातो. ५-६ मीटरपर्यंत चालून जातं, ३० मीटरला गुणगुण हमखास. उपाय महाग नाही: मशीनपर्यंत कॅनन ते कॅनन केबल आणा आणि अगदी शेवटी बोटभर लांबीचा माईक मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावा. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे मिक्सरकडून केबलीतूनच येणारा वीजपुरवठा, लागतो. तो मोनो जॅकच्या केबलीतून किंवा या ट्रान्सफॉर्मरमधून जात नाही, तिथे कॅनन इनपुटचा मिक्सरच हवा.

मीटरवर मिळणाऱ्या माईक केबलीचा दर्जा ठरतो जाळीवर. टोकाचं इंचभर आवरण सोला. दाट विणलेली जाळी दिसली, आतल्या कोरांचा रंग तिच्यातून जेमतेम डोकावला, तर केबल चांगली. एका दिशेने गुंडाळलेल्या तारा असतील तर त्या दाट आहेत का ते पाहा. केबल वाकवली की तारांमध्ये फट पडते का तेही पाहा. दहाबारा तारा नुसत्या सोडलेल्या असतील तर ती केबल माईकला घेऊ नका, भाव कितीही कमी असो. पत्र्यासारख्या चकाकत्या पट्टीची जाळी खरखर उत्तम अडवते, पण रोज गुंडाळल्याने तडकते. ती देवळात किंवा सभागृहात कायम बसवण्यासाठी ठीक. जपानी कॅनारेची एल-४ई६एस ही चार कोरची केबल डिमर (दिवे मंद करायचं यंत्र) आणि जनरेटरजवळ खरोखर शांत असते. नाटकाच्या रंगमंचावर दिव्यांच्या वायरीशेजारून टांगलेल्या माईकची केबल न्यायची असेल तर तिचे जास्तीचे पैसे वसूल होतात. भजनी मंडळाला तिची गरज नाही.

साच्यात ओतलेल्या पिनांच्या तयार केबलीला आम्ही कमी गुण देतो. आतला जोड उघडून पाहता येत नाही, तुटला तर दुरुस्त होत नाही. स्क्रू किंवा फिरकी उघडणारी, मागे केबल आवळून धरणारी कॅनन पिन घ्या. न्यूट्रिकची पिन यात चोख असते, पण बाजारात तिच्या नकला खूप आहेत. हलकी वाटली, फिरकी घसरत असेल, पिना पिवळट-काळपट दिसत असतील तर सोडून द्या. सोल्डरिंग सरळ आहे: पिन १ ला जाळी, २ ला लाल किंवा पांढरा कोर, ३ ला उरलेला. ६०-४० चं कथिल, २५ ते ३५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, एका जोडाला दोन-तीन सेकंद. जास्त वेळ धरलं तर कोरावरचं प्लास्टिक मागे सरकून आतल्या आत शॉर्ट होतं. जाळीच्या पिळावर छोटी नळी चढवा. पिनेच्या धातूच्या कवचाला जाळी जोडू नका. कवच मांडवाच्या लोखंडाला टेकलं की नवी गुणगुण सुरू होते. शेवटी मल्टिमीटरने १-१, २-२, ३-३ जुळतात का ते पाहा आणि केबल टोकाशी हलवून पाहा. एका केबलीत २ आणि ३ उलटले तर एरवी कळत नाही, पण तबला आणि पेटीचे माईक शेजारी ठेवले की आवाज पातळ होतो.

मोबाईलवरून गाणं वाजवतानाची एक तक्रार सगळीकडे ऐकू येते: ‘बाजा वाजतो, गायकाचा आवाज गायब.’ केबल खराब नसते, चुकीची असते. ऑक्स पिनीत डावा-उजवा असे दोन आवाज असतात. ती मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटला लावली की मिक्सर दोघांतला फरक घेतो, आणि दोन्हीकडे सारखा असलेला गायकाचा आवाज वजा होतो. ऑक्सपासून दोन वेगळ्या मोनो जॅकांत फुटणारी केबल घ्या आणि दोन चॅनलला लावा. ती २-३ मीटरपेक्षा लांब नको. ऑर्गन किंवा कीबोर्ड लांब असेल तर त्याच्याजवळ डीआय बॉक्स (साधा आवाज बॅलन्स्ड करणारी छोटी डबी) ठेवून तिथून कॅनन केबल न्या.

महागडी सोनेरी केबल

सोन्याचा मुलामा गंजत नाही, पावसाळ्यात पिना काळ्या पडत नाहीत, एवढा फायदा खरा. बाकी ‘ऑक्सिजन-फ्री कॉपर’ची जाहिरात सोडून द्या. वायरिंगला वापरलं जाणारं साधं तांबंही जवळपास तेवढीच वीज वाहून नेतं, फरक एखाद्या टक्क्याचा. तेवढ्याच पैशात दुप्पट जाडीची वायर येते आणि तिचा फरक मोजता येतो.

गुणगुण, वीज आणि जागा

मिक्सर मांडवाच्या मागे आणि मशीन स्टेजजवळ असेल तर लांब काय टाकायचं, हा नेमका प्रश्न. उत्तर: मिक्सरपासून मशीनपर्यंतची बॅलन्स्ड लाईन लांब टाका, स्पीकरची वायर आखूड ठेवा. मशीन बॉक्सच्या पायथ्याशी ठेवलं तर ५ मीटर वायरीत भागतं. आरसीए पिनांची केबल मात्र ३ मीटरच्या वर नेऊ नका.

मिक्सर आणि मशीन वेगवेगळ्या घरांच्या बोर्डावरून वीज घेत असतील तर दोन्ही अर्थिंगमधल्या फरकाने ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण येते. दोघांना एकाच बोर्डावरून वीज द्या. तरी राहिली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवणं हा जीवघेणा प्रकार आहे; ओल्या जमिनीवर उभ्या माणसाच्या हातात लोखंडी माईक असतो. माईकची केबल आणि विजेची वायर फूटभर अंतराने ठेवा, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

आवाज ‘बसतो’ त्याचं कारण कित्येकदा साऊंडच्या केबलीत नसतंच. शंभर मीटर एक स्क्वेअरच्या वायरीने वीज आणली आणि मशीन, दिवे मिळून १० अँपिअर घेतले, तर ३९ व्होल्ट वाटेत पडतात. संध्याकाळी गावात आधीच १९० व्होल्ट असतील तर मशीनला १५० मिळतात, आणि बेस वाजला की दिव्यांसकट सगळं लुकलुकतं. विजेची वायर किमान अडीच स्क्वेअर, लांब असेल तर चार. बिछायत केंद्राकडून ती येते म्हणून कोणी तपासत नाही. मल्टिमीटरने मशीनच्या बोर्डावर, पूर्ण आवाजात, व्होल्ट मोजून घ्या.

कार्यक्रमानंतर केबल कोपरावर गुंडाळली की आतले कोर एकाच दिशेने पिळले जातात आणि टोकाच्या वीतभर भागात तुटतात. एक वेढा सरळ, पुढचा उलटा असं हातात घेत गुंडाळा, जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधा. उंदीर आणि मुंग्यांपासून वाचवायला लोखंडी पेटीच हवी, पोत्यात केबल राहत नाही. प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना लांबी आणि नव्यात मोजलेला रोध लिहिलेली चिठ्ठी पारदर्शक नळीत घालून लावा. पुढच्या हंगामात तोच रोध अर्ध्या ओमने वाढलेला दिसला तर आधी दोन्ही टोकांचे जोड उघडून पाहा.